व्हॅलिडेशन टीम बंद करू नका: आमच्या कंपनीच्या मॅनेजमेंटला खुलं पत्र

माननीय डायरेक्टर साहेब आणि मॅनेजमेंटमधले सगळे,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात एका शुक्रवारी संध्याकाळी तुमची मेल आली. कोल्हापूर ऑफिसची व्हॅलिडेशन टीम, म्हणजे आपल्या कास्टिंग सॉफ्टवेअरचं उत्तर खऱ्या ओतलेल्या लोखंडाशी जुळतं का हे तपासणारी टीम, बंद करतोय, काही जणांना दुसऱ्या टीममध्ये घेऊ, बाकीच्यांना नोटीस पिरियड, रात्रभर चालणाऱ्या टेस्टमधल्या पाऊण तासात बसतील एवढ्याच ठेवू, आणि वर्षातनं दोनदा होणारं रिलीज आता दर महिन्याला करू. कारण असं दिलंय की टेस्टिंग ही डेव्हलपरचीच जबाबदारी आहे आणि बाकीच्या सॉफ्टवेअर कंपन्या असंच करतात. मी रीतसर आधी माझ्या मॅनेजरना लिहिलं, मग त्यांच्या वरच्यांना लिहिलं, ऑल हँड्स मीटिंगमध्ये हात वर करून विचारलं. उत्तर आलं, फीडबॅक नोट केलाय. त्याच्या पुढं काहीच हललं नाही म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय.

कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. मला कंपनीची बदनामी करायची नाही, उलट ती इथंच कोल्हापुरात टिकावी आणि वाढावी असं मला मनापासून वाटतं. पण हा विषय चार भिंतीतला राहिलेला नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले फाइव्ह स्टार एमआयडीसीतले जे फाउंड्रीवाले, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतून कास्टिंग बनवणारे, ओतलेला धातू कसा घट्ट होईल हे आधीच दाखवणारी असली सॉफ्टवेअर लाखो रुपये भरून घेतात त्यांना हे माहीत असायला पाहिजे, आणि इथल्या कॉलेजांमधनं मेकॅनिकल किंवा कॉम्प्युटर करून बाहेर पडणारी जी पोरं पोरी विचारतात की दादा तुमच्याकडं नक्की काम काय असतं, त्यांनाही.

मी मेकॅनिकलचा. वडील उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत मोल्डर होते, त्यामुळं वाळू, कोअर, रायझर हे शब्द मी शाळेत जायच्या आधी ऐकलेत. शिकून पुण्याला गेलो, हिंजवडीत बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम केलं, आणि आपलं कोल्हापूर ऑफिस सुरू झाल्याचं कळल्यावर पगार कमी घेऊन परत आलो. लोखंड आणि कोड दोन्ही एकाच टेबलावर, ते पण आपल्या गावात, अशी नोकरी दुसरी कुठं मिळणार होती. तेव्हापासून ज्योमेट्री आणि मेश या भागावर काम करतोय. हे काम मला आवडतं, नोकरी शोधतोय म्हणून हे पत्र लिहीत नाही.

आता काम काय असतं ते सांगतो, कारण बाहेरच्यांना सॉफ्टवेअर म्हटलं की स्क्रीन, बटणं, लॉगिन एवढंच डोळ्यासमोर येतं. आमच्यात तेही आहे पण ते वरवरचं. फाउंड्रीवाला कास्टिंगचं थ्रीडी मॉडेल देतो, सॉफ्टवेअर त्याचे लाखो बारीक तुकडे करतं ज्याला मेश म्हणतात, मग वितळलेलं लोखंड साच्यात ओतल्यावर यातला प्रत्येक तुकडा कधी घट्ट होईल याचं गणित सोडवतं आणि सगळ्यात शेवटी घट्ट होणारी जागा, म्हणजे जिथं श्रिंकेज (धातू आकसून पडणारी पोकळी) यायची भीती आहे ती जागा, रंगात दाखवतं. ते बघून मेथडिंगवाला, म्हणजे कास्टिंग कसं ओतायचं ते ठरवणारा, बघतो की रायझर (आकसणाऱ्या जागेला जादा धातू पुरवणारा साठा) कुठं ठेवायचा, चिल (एखादी जागा लवकर थंड करणारा धातूचा तुकडा) कुठं लावायची, इनगेट (साच्यात धातू शिरायची वाट) कुठनं द्यायचा. वडिलांच्या काळात हे सगळं ओतून, कापून, बघून ठरायचं, त्यात किती धातू आणि किती वीज जायची ते इथल्या लोकांना सांगायला नको.

या गणिताखाली जो कोड आहे त्यातला बराच जुना आहे. सॉल्व्हरचा, म्हणजे हे गणित सोडवणाऱ्या भागाचा, गाभा फोरट्रानमध्ये, १९५७ साली आलेली भाषा, आणि आजही आकडेमोडीला तिच्यासारखी दुसरी नाही असं आमच्यातले जुने लोक सांगतात ते मला पटतं. त्याच्यावर सी प्लस प्लस, त्याच्यावर स्क्रीन. काही फाईल अशा आहेत की त्या लिहिणारा माणूस कधीच रिटायर झालाय आणि एकेका ओळीमागं कुठल्या तरी कास्टिंगचा इतिहास आहे. नवीन माणूस ती ओळ बघून म्हणतो ही कशाला पाहिजे, काढून टाकू. काढली की आठवड्यानं कुठला तरी पंप बॉडीचा मॉडेल मेश व्हायचा बंद होतो.

त्यात कॉम्प्युटरचे आकडे हे आपण वहीत लिहितो तसले नसतातच. कॉम्प्युटरनं दशांश आकडे कसे साठवायचे याच्या १९८५ साली ठरलेल्या आयईईई ७५४ मानकाप्रमाणं डबल प्रिसिजन आकड्यात साधारण १५-१६ अंक बरोबर राहतात, त्यापुढचं गळतं. ०.१ आणि ०.२ ची बेरीज केली तर सतराव्या दशांश स्थळी एक ४ उगवतो. एवढ्याशानं काय होतंय असं वाटेल, पण आमच्या कामात सतत एकच प्रश्न असतो की हा बिंदू आणि तो बिंदू एकच आहेत का वेगळे, ही कड त्या पृष्ठभागावर आहे का जरा वर आहे. एक सॉफ्टवेअर मिलिमीटरच्या लाखाव्या भागाइतके जवळ असलेले बिंदू एकच धरतं, दुसऱ्याला हजारावा भागही चालतो. एकात काढलेलं मॉडेल स्टेप फाईलमधनं दुसऱ्यात आलं की कुठंतरी कडा जुळत नाहीत, फट राहते, डोळ्याला काहीच दिसत नाही. माझे निम्मे दिवस या फटी शोधण्यात जातात आणि त्याचं मला काही वाटत नाही, तेच माझं काम आहे.

आता अशाच एका फटीची गोष्ट सांगतो. ती तुमच्यापर्यंत कधी नीट पोचली नाही असं मला वाटतं, कारण ती वेळेत सापडली, आणि वेळेत सापडलेल्या गोष्टीचा रिपोर्ट होत नाही.

एका कस्टमरची फाईल उघडावी म्हणून आपल्या कोडमध्ये दोन पृष्ठभाग जुळवायचा टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालवून घ्यायचा ती मर्यादा, बदलला गेला. ती फाईल उघडली, टिकेट (कामाची नोंद) बंद झालं, बिल्ड हिरवा झाला, म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी सगळं ठीक. रात्रीच्या टेस्टमध्ये एक जुनी केस होती, भिंतीवर बॉस असलेलं एक कास्टिंग. बॉस म्हणजे भिंतीवरचा जाड गोल उंचवटा ज्यात नंतर भोक पाडून बोल्ट बसतो. भिंत २० मिलिमीटर जाड, बॉस ६० व्यासाचा आणि ६० उंच. गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत आपल्याच लोकांनी खरं कास्टिंग ओतून, थर्मोकपल (तापमान मोजायचं साधन) लावून त्याचं रीडिंग घेतलेलं होतं आणि टेस्ट त्या रीडिंगशी ताडून बघते. त्या रात्री ती टेस्ट फेल झाली. बाकी सगळं बरोबर होतं. वजन बरोबर, घनफळ बरोबर, रंगीत चित्र एकदम गुळगुळीत.

व्हॅलिडेशनच्या ताई, ज्या आपल्याकडं यायच्या आधी फाउंड्रीत मेथडिंग करायच्या, त्यांनी ते चित्र बघितलं आणि म्हणाल्या, या बॉसमध्ये हॉट स्पॉट (शेवटी घट्ट होणारी जागा) दिसत नाही असं होणारच नाही. कागद घेतला आणि हातानं गणित मांडलं. १९४० सालचा च्वोरिनोव्हचा नियम, घट्ट व्हायला लागणारा वेळ हा घनफळ भागिले थंड होणारं क्षेत्रफळ याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २० मिलिमीटरची भिंत दोन्ही बाजूंनी थंड होते, भागाकार येतो १०. बॉस बाजूनं आणि वरनं थंड होतो, खालनं भिंतीला चिकटलेला आहे, भागाकार येतो १२. बारा भागिले दहा, त्याचा वर्ग १.४४, म्हणजे भिंतीपेक्षा बॉसला जवळपास दीडपट वेळ लागला पाहिजे. सॉफ्टवेअर दाखवत होतं की दोन्ही बरोबरच घट्ट होतात. मग ताईंनी सहज बॉस खालनंही थंड होतोय असं धरून बघितलं तर भागाकार बरोब्बर १० आला. तिथंच कळलं की सॉफ्टवेअरच्या लेखी बॉस भिंतीला चिकटलेलाच नाही. मध्ये एक फट आहे, केसाहूनही बारीक, आणि त्या फटीच्या पृष्ठभागाला आपला कोड वाळूचा पृष्ठभाग समजून तिथनं उष्णता बाहेर सोडतोय.

एका कागदावर, चहा गार व्हायच्या आत सापडलं. मी शेजारी उभा होतो. ज्योमेट्रीचा डीबगर लावून मला ते शोधायला निदान आठवडा गेला असता, आणि शोधायला लागलो तरी असतो का हाच प्रश्न आहे, कारण सॉफ्टवेअर कुठंच अडकलं नव्हतं, एरर नव्हता, लॉगमध्ये काही नव्हतं.

ही टेस्ट तुमच्या पाऊण तासाच्या यादीत नाही. ती एकटीच तेवढा वेळ खाते. आणि त्या ताई नोटीस पिरियडवर आहेत.

ही केस सुटून कस्टमरकडं गेली असती तर काय झालं असतं तेही बघा. मेथडिंगवाल्यानं चित्रावर विश्वास ठेवून त्या बॉसवर रायझर दिला नसता, चिलही लावली नसती. पॅटर्न (साचा पाडायचा नमुना) बनला असता, लोखंड ओतलं असतं, फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई) झालं असतं, बाहेरनं कास्टिंग झकास दिसलं असतं. मशीनिंगला गेल्यावर ड्रिल आत घुसलं की तिथं श्रिंकेजची पोकळी उघडी पडली असती. तोपर्यंत धातू, वीज, मजुरी, वाहतूक, मशीनिंग सगळ्याचा खर्च झालेला, आणि रिजेक्शनचं डेबिट येतं फाउंड्रीच्या नावानं. फाउंड्रीवाला वाळू बदलून बघतो, टेंपरेचर बदलून बघतो, मेल्टरला बोलतो. सॉफ्टवेअर चुकलंय असं त्याच्या मनातही येत नाही, कारण एवढे पैसे देऊन घेतलेलं सॉफ्टवेअर चुकेल कशाला.

तुम्ही म्हणता बाकीच्या कंपन्या दर महिन्याला, काही तर रोज रिलीज करतात. करतात, मीही बँकेच्या सॉफ्टवेअरवर असताना केलेत. तिथं बटण चाललं नाही तर तासाभरात हजार लोक ओरडतात, तुम्ही जुनं व्हर्जन परत लावता, विषय संपला. आमच्याकडं चुकीचं उत्तर ओरडत नाही. ते ड्रॉइंगमध्ये जातं, पॅटर्नमध्ये जातं, लोखंडात जातं, आणि तीन महिन्यांनी कुठल्या तरी मशीन शॉपमध्ये उघडं पडतं. शिवाय दर महिन्याचं व्हर्जन मागितलंय कुणी? गाड्यांच्या कंपन्यांना कास्टिंग देणाऱ्या फाउंड्रीचं एकदा पीपीएपी, म्हणजे पार्ट आणि तो बनवायच्या पद्धतीची कागदपत्रं, मंजूर झालं की त्यांना मेथड सहजासहजी हलवता येत नाही, चालू जॉब संपेपर्यंत ते जुनंच व्हर्जन ठेवतात. नवीन व्हर्जन टाकायला घाबरणारे कस्टमर मी बघितलेत, लवकर द्या म्हणून मागं लागलेला एकही बघितला नाही.

जगात हे झालेलं आहे. नॉर्वेमध्ये स्टाव्हांगरजवळच्या फिओर्डमध्ये २३ ऑगस्ट १९९१ ला स्लाइप्नर ए नावाच्या तेल प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया चाचणीसाठी पाण्यात खाली नेत असताना फुटला आणि बुडाला. तळाला आदळला तेव्हा भूकंपमापकावर ३ रिश्टरचा धक्का नोंदला गेला, नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचं. नंतरच्या तपासात निघालं की फायनाइट एलिमेंटचं, म्हणजे आमच्यासारखंच तुकडे करून गणित करायचं, मॉडेल एका ठिकाणी ढोबळ होतं, त्यामुळं शिअर स्ट्रेस (कातरणारा ताण) ४७ टक्के कमी निघाला आणि भिंत पातळ ठेवली गेली. नीट मेश घेऊन परत गणित केलं तर ही भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असं आलं, प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली. म्हणजे बरोबर उत्तर काढता येत होतं. आधी कुणीतरी ते तपासायला बसलं असतं तर तिथंच थांबलं असतं. त्याही सॉफ्टवेअरनं क्रॅश न होता, एरर न देता उत्तर दिलेलं होतं.

याच कारणासाठी आमच्या क्षेत्रात उत्तर माहीत असलेली गणितं ठेवलेली असतात. १९८३ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या नाफेम्स संस्थेचे बेंचमार्क या लाइनमधल्या प्रत्येकाला माहीत आहेत. त्यातल्या एलई १ नावाच्या प्रश्नाचं उत्तर ९२.७ मेगापास्कल, हा आकडा सॉल्व्हर लिहिणाऱ्याला झोपेत विचारला तरी सांगेल. पण पुस्तकातले प्रश्न पास झाले म्हणजे कस्टमरचं कास्टिंग बरोबर निघेल असं होत नाही. त्यासाठी खऱ्या ओतलेल्या लोखंडाचे आकडे लागतात, ते आपल्याकडं आहेत कारण आपण कोल्हापुरात आहोत, पंधरा वीस मिनिटांवर फाउंड्री आहे. असले आकडे गोळा करायला लोक जग पालथं घालतात, आणि आपण ते तपासणारी माणसं घरी पाठवतोय.

आता तक्रारी एकेक करून लिहितो.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार वर लिहिलीच, व्हॅलिडेशन टीम. त्यातले लोक टेस्टर म्हणून मोजले गेले म्हणून हा निर्णय झाला असं मला वाटतं. बटणं दाबून बघणारे लोक नाहीत ते. कुणी मेथडिंगमधनं आलंय, कुणी मेटलर्जीचं शिकलंय, एकजण पॅटर्न शॉपमध्ये वाढलाय. डेव्हलपरनं स्वतःच टेस्ट लिहावी हे बरोबरच आहे, आम्ही लिहितोच. पण मी जे समजून कोड लिहिला तेच समजून मी टेस्टही लिहिणार. त्या समजुतीतच चूक असेल तर दोन्ही पास होतात, ती पकडायला लोखंड बघितलेला दुसरा माणूस लागतो.

दुसरी, टेस्ट पास करायला टॉलरन्स सैल करणं. हे अलीकडं सर्रास व्हायला लागलंय आणि याची मला खरी भीती वाटते. थोडा फरक चालवून घ्यावा लागतो हे खरंय, आठ कोअरवर चालवलं आणि सोळा कोअरवर चालवलं तर बेरजेचा क्रम बदलतो आणि शेवटचे अंक बदलतात, त्याला इलाज नाही. पण दोन टक्क्याची मर्यादा दहा टक्के करायची तर कारण लिहिलेलं पाहिजे आणि भौतिकशास्त्र कळणाऱ्या माणसाची सही पाहिजे. आत्ता काय होतं, रिलीजच्या आदल्या रात्री टेस्ट लाल असते, मीटिंगमध्ये विचारतात ब्लॉकर (रिलीज थांबवण्याइतकी चूक) आहे का, कुणीतरी म्हणतं नाही बहुतेक, आणि ती 'नोन इश्यू' म्हणून गप्प केली जाते. नोन कुणाला? आम्हाला. कस्टमरला ती यादी कधी दाखवलेली नाही.

तिसरी गोष्ट कामाच्या मोजमापाची. स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरावीक टप्प्यात) किती टिकेट बंद केली त्यावर अप्रेझल होतं. मेन्यूमधलं स्पेलिंग सुधारलं तरी एक टिकेट आणि सॉल्व्हर दर हजारात एकदा का भरकटतो हे शोधलं तरी एक टिकेट. दुसऱ्याला तीन आठवडे लागतात, रोज सकाळी स्टँडअपला उभं राहून अजून बघतोय एवढंच सांगायचं असतं, चौथ्या दिवसापासून समोरच्यांचे चेहरे बदलतात. परिणाम असा झालाय की हुशार पोरं अवघड टिकेटला हात लावत नाहीत. मी त्यांना दोष देत नाही, घराचे हप्ते अप्रेझलवरच चालतात.

चौथी, फाउंड्रीच्या भेटी बंद केल्या. आधी नवीन आलेल्या प्रत्येक डेव्हलपरला शिरोलीत नेऊन एकदा तरी हीट बघायला लावायचे, वितळलेलं लोखंड लॅडलमधनं साच्यात जाताना, नंतर शेकआउट (साचा फोडून कास्टिंग बाहेर काढणं), नंतर कापलेलं कास्टिंग. कॉम्प्युटर सायन्स केलेल्या एका मुलीनं पहिल्यांदा कापलेल्या कास्टिंगमधली श्रिंकेजची खडबडीत पोकळी बोटानं चाचपली आणि म्हणाली, मी रोज जो लाल ठिपका काढते तो हा आहे होय! त्यानंतर तिचा कोड रिव्ह्यू करताना फरक मला दिसायचा, ती आपणहून विचारायला लागली की इथं ग्रे आयर्न आहे का एसजी, म्हणजे ओतीव लोखंडाची कुठली जात. आता कस्टमरचा फोन पुण्याच्या सपोर्टला जातो, तिथनं टिकेट बनतं, आमच्यापर्यंत येतं तेव्हा त्यात एकच ओळ असते, रिझल्ट चुकीचा येतोय. कुठला मॉडेल, कुठला धातू, किती टेंपरेचरला ओतलं, काही नाही. फाउंड्रीवाले काका रस्त्यात भेटले तर विचारतात, अरे तुमच्या हापिसातलं कोण फिरकत नाही हल्ली, आणि आम्हाला उत्तर नसतं.

पाचवी, एआय टूल. त्याला माझा विरोध नाही, मी रोज वापरतो, जुना फोरट्रान समजून घ्यायला उपयोग होतो. पण त्याच्या जोरावर टीम निम्मी करून काम तेवढंच होईल हा हिशेब चुकीचा आहे, कारण कोड टाइप करणं हा आमच्या कामातला अवघड भाग कधीच नव्हता. मध्ये एकदा त्यानं श्रिंकेजचं एक फंक्शन लिहून दिलं, सुबक, कॉमेंटसकट. त्यात कास्ट आयर्नला स्टीलसारखंच वागवलं होतं. ग्रे आयर्न घट्ट होताना त्यातनं ग्राफाइट बाहेर पडतं आणि त्यामुळं ते काही प्रमाणात फुगतं, म्हणून त्याला स्टीलएवढा रायझर लागत नाही, हे इथल्या फाउंड्रीतल्या कुठल्याही सुपरवायझरला माहीत आहे. रिव्ह्यूत ते पकडलं व्हॅलिडेशनच्याच माणसानं. यापुढं कोण पकडणार?

सहावी, पगार आणि वेळ. थोडक्यात लिहितो, कारण हे सगळ्यांना माहीत आहे पण बोलत कुणी नाही. तेच काम, तोच कोड, तीच टीम, पण कोल्हापूरच्या माणसाला पुण्याच्या माणसापेक्षा कमी, कारण म्हणे इथं राहायला स्वस्त. कामाची किंमत घरभाड्यावर कशी ठरते? वर अमेरिकेच्या कस्टमरसाठी रात्रीचे कॉल आम्हीच घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी साडेनऊला स्टँडअपला हजर. कॉम्प ऑफ (जादा कामाच्या बदल्यात सुट्टी) मागितला तर फ्लेक्सी टाइम आहे ना म्हणतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, वीज नाही, नेट नाही, तेव्हाही या ऑफिसच्या लोकांनी ज्याच्या घरी वीज आहे त्याच्याकडं गोळा होऊन कस्टमरची कामं केली. कुणी सांगितलं नव्हतं. ती आपुलकी गृहीत धरू नका.

सातवी, ज्या पद्धतीनं माणसं काढली ती पद्धत. शुक्रवारी संध्याकाळी मेल, सोमवारी सिस्टीमचा ॲक्सेस बंद, फक्त नोटीस पिरियडमधल्या हँडओव्हरसाठी तेवढा ठरावीक फोल्डर उघडा. इतकी वर्षं काम केलेल्या माणसाला समोर बसवून सांगायला दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांनी काही खर्च वाढला नसता.

मला तुमची अडचण कळत नाही असं नाही. परदेशातल्या मोठ्या कंपन्यांशी स्पर्धा आहे, लायसनचे भाव पडलेत, गुंतवणूकदार दर तिमाहीला आकडे विचारतात. खर्च कमी करायचा तर करूया, त्यावर आम्ही बसून बोलायला तयार आहोत. टेस्टला वेळ लागतो म्हणत असाल तर त्या वेगवेगळ्या मशीनवर वाटून चालवता येतील, याचा प्लॅन आमच्याच एका मुलानं वर्षापूर्वी दिलाय, तो उघडून तरी बघा. कस्टमरनं कधीच न वापरलेली फीचर बंद करता येतील. दर सहा महिन्यांनी स्क्रीनचं रूप बदलायचं थांबवता येईल, त्याला लागणारा खर्च व्हॅलिडेशनपेक्षा कमी नसणार. तोडायला जागा आहेत. फक्त उत्तर बरोबर आहे का हे बघणारी जागा तोडू नका, कारण कस्टमर आपल्याला पैसे त्या उत्तराचे देतो.

आमच्या मागण्या अशा आहेत. आमच्या म्हणतोय कारण टीममधल्या बऱ्याच जणांशी बोलून लिहिल्यात, नावं मी देणार नाही.

व्हॅलिडेशन टीम बंद करण्याचा निर्णय मागं घ्या आणि नोटीसवर असलेल्यांना परत बोलवा. निदान नोटीस पिरियड संपायच्या आत त्यांच्यासोबत बसून चर्चा करा, नंतर केली तर उपयोग नाही, इथल्या फाउंड्री आणि पुण्याच्या कंपन्या अशा माणसांना लगेच घेतील.

खऱ्या ओतलेल्या कास्टिंगशी ताडणाऱ्या सगळ्या टेस्ट रिलीजच्या आधी पूर्ण चालल्याच पाहिजेत, मग दोन रात्री लागोत. रोजच्या बिल्डला तुमची पाऊण तासाची यादी ठेवा, त्याला हरकत नाही.

कुठल्याही टेस्टचा टॉलरन्स सैल करायचा तर लेखी कारण आणि सॉल्व्हर किंवा मेथडिंग जाणणाऱ्या एका माणसाची सही. डेव्हलपरची एकट्याची सही चालणार नाही, माझीसुद्धा नाही.

उत्तरावर परिणाम करणाऱ्या माहीत असलेल्या चुकांची यादी प्रत्येक रिलीजबरोबर कस्टमरला द्या. सेल्सला हे आवडणार नाही हे मला माहीत आहे. पण कस्टमरला चूक आपण सांगितली तर तो त्या जागी सांभाळून काम करतो, त्याला ती रिजेक्शनमधनं कळली तर तो परत येत नाही.

सॉल्व्हर आणि ज्योमेट्रीच्या कामाचं मोजमाप टिकेटच्या संख्येवर करू नका. कसं करायचं ते ठरवायला टीम लीडना बसवा, ते सांगतील.

डेव्हलपरच्या फाउंड्री भेटी परत सुरू करा, तिमाहीत एक दिवस पुरे आहे. जायला यायला कंपनीचा खर्च जवळपास काही नाही, आमच्या गाडीवर जातो.

रात्रीच्या कॉलला कॉम्प ऑफ किंवा मोबदला, आणि एकाच कामाला पुणे आणि कोल्हापूर यात पगाराचा फरक का, याचं लेखी उत्तर.

आणि पुढचं महिन्याचं रिलीज, ज्याची तारीख तुम्ही कस्टमरना कळवून बसलाय, ते पूर्ण टेस्ट होईपर्यंत थांबवा. टॉलरन्सचा तो बदल सुधारला असला तरी त्याच भागात त्यानंतर कोडचे बरेच नवे बदल मर्ज झालेत, आणि बॉसची टेस्ट महिनाभर चाललेली नाही. बाकी मागण्यांवर चर्चेला वेळ लागला तर समजू शकतो, ही एक मागणी मात्र आत्ताची आहे. सोमवारी सकाळी आम्ही ती टेस्ट आमच्या मशीनवर चालवायला तयार आहोत, फक्त तेवढी परवानगी द्या आणि ताईंना त्या दिवशी ॲक्सेस द्या.

या पत्राची छापील प्रत सोमवारी एचआरकडे माझ्या सहीनिशी देतोय.

आपला,
ज्योमेट्री टीममधला एक डेव्हलपर
कोल्हापूर